पांढरं पाणी

माझा भाऊ गुन्लाइक लाकडी पेट्यांवर फुलं रंगवायचा आणि मी, स्वाइनुंग, त्यांच्यावर व्हार्निश चढवायचो. आमची घरं डोंगराच्या एकाच उतारावर आहेत, मध्ये दोनशे पावलं. या मार्चपर्यंत ती मी खिडकीतूनच मोजली होती. अकरा वर्षांत चाललो नव्हतो.

कारण ऐकाल तर हसाल. आईला दफनभूमीत पोचवून आल्यावर, कॉफीला जमलेल्या सगळ्या लोकांसमोर तो म्हणाला, "रंग मी भरतो. स्वाइनुंग नुसता पुसतो." लोक हसले. मी टोपी घेऊन जो निघालो तो निघालोच. तेव्हापासून पेट्यांची ने-आण शेजारची आस्लाउग तिच्या ट्रॅक्टरवरून करायची. रविवारी मी एकट्यापुरता रव्याची लापशी करतो आणि रेडिओ लावतो, कुणीतरी बोलावं म्हणून.

पुसणं म्हणे! व्हार्निशचा हात द्यायचा, वाळला की ओल्या पॉलिश पेपरनं घासायचा, पुन्हा हात द्यायचा. पाणी दुधासारखं पांढरं निघतंय तोवर नुसतं व्हार्निश निघतंय. पाण्यात रंग दिसला की आपण चित्रात घुसलो. चाळीस वर्षं माझं पाणी पांढरं होतं.

गेल्या वर्षापासून मात्र गुन्लाइकचा रंग जाड यायला लागला. पाकळ्यांच्या कडा बोटाला लागायच्या. त्या बुडवायला मी तीनच्या जागी सहा हात देत होतो. मुद्दाम करतोय, मला छळायला, याबद्दल मला शंका नव्हती.

मार्चमध्ये आस्लाउगच्या नातीच्या लग्नाची पेटी आली. झाकण घासता घासता पाणी तांबडं झालं. मोठ्या फुलाची एक पाकळी खालच्या लाकडापर्यंत गेली होती.

"आता?" आस्लाउग म्हणाली. "तुला तर साधा ठिपका देता येत नाही."

"घेऊन जा त्याच्याकडे."

"मी नाही नेणार. तुझं पाप तू ने. दोघं म्हातारे झालात, अक्कल कधी येणार?"

मी झाकण काखेत मारलं आणि निघालो. वाटेत चांगली तीन-चार वाक्यं जुळवली होती, झोंबतील अशी.

दार उघडंच होतं. गुन्लाइक खिडकीकडे पाठ करून एका फळीवर वाकला होता. डाव्या हाताचं बोट वाळलेल्या कडेवरून सरकवत होता आणि त्या बोटाच्या मागोमाग कुंचला नेत होता. फळीकडे तो बघतच नव्हता.

"आस्लाउग, दार लाव," तो म्हणाला.

मी दार लावलं. "मी आहे," मी म्हणालो.

त्यानं कुंचला खाली ठेवला. "डोळ्यांपुढं मधोमध काळं पडलंय," तो म्हणाला. "कडेकडेनं थोडं दिसतं. तीन वर्षं झाली. कुणाला सांगू नको म्हणून आस्लाउगला शपथ घातली होती मी."

मी झाकण त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं दोन्ही हात सगळीकडून फिरवले, पुन्हा फिरवले.

"काहीच लागत नाही रे बोटाला. इतकं छान घासतोस तू, की मला माझंच फूल सापडत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याचं बोट धरून उघड्या लाकडावर टेकवलं.

"तांबडा ना? डावीकडून दुसरी डबी," तो म्हणाला.

त्यानं भरलेली पाकळी कडेबाहेर गेली, गव्हाच्या दाण्याएवढी.

"नीट आली?"

"आली," मी म्हणालो.

मग कॉफी झाली. दुसरा कप ओतताना त्यानं सांगितलं, की शुक्रवारी शहरातल्या वृद्धाश्रमातून गाडी येणार आहे. त्याला तिथं खोली मिळाली होती. तासाभराचा रस्ता, आणि मी गाडी चालवत नाही.

शुक्रवारी मी त्याच्या फाटकापर्यंत गेलो. जाऊन-येऊन एकूण चार वेळा चाललो ती दोनशे पावलं.

पाकळी वाळल्यावर मी झाकणाला तीन हात दिले आणि घासले. त्या पाकळीवर व्हार्निश दिलं, पण पेपर लावला नाही. आस्लाउगनं हात फिरवला तसा तो तिथं अडकला.

"इथं पुसायचं राहिलं की!"

"राहू दे," मी म्हणालो.

पेटी जूनमध्ये लग्नाला जाईल. तोवर रोज सकाळी रेडिओ लावायच्या आधी मी तिथं अंगठा टेकवतो.