सुरभीसारखा लॅपटॉप

सुरभीकडे नवा लॅपटॉप आला आणि रोशनीला घरातला टॅब डोळ्यांसमोर नकोसा झाला.

"काकानं पोरीले किती भारी मशीन घेऊन देलं! अन् मले हे खेळणं!"

"तुह्या बाबानंच आणलं होतं ते खेळणं," तिची आई आनंदाबाई भाजी निवडत म्हणाल्या. रोशनीच्या बाबांना, लक्ष्मणरावांना, जाऊन चार महिने झाले होते.

टॅबला कीबोर्ड जोडला की तो छोट्या लॅपटॉपसारखा दिसे. बाबा गेल्यापासून रोशनीने तो एकदाही सुटा केला नव्हता. लोकांना लॅपटॉपच वाटला पाहिजे!

रोहणा गावच्या भाजी उत्पादक गटाला पिकांवरच्या रोगाच्या नोंदी ठेवायला एक मुलगी हवी होती. दोघी चुलतबहिणींनी अर्ज केला. रोशनीला या कामाची फार गरज होती. चाचणी गटातल्या तानाबाईंच्या वावरात ठरली: प्रत्येकीला वांग्याची पन्नास झाडं, प्रत्येक झाडाची नोंद आणि पानाचा फोटो.

सुरभीने बांधावर लॅपटॉप उघडला. झाड पाहायचं, मोबाइलवर पानाचा फोटो काढायचा, बांधावर येऊन लिहायचं, पुन्हा जायचं. रोशनीही टॅब उघडून तिच्या शेजारीच ऐटीत बसली आणि तशाच येरझारा घालू लागली. नजर मात्र सुरभीच्या चकचकीत झाकणावर!

तानाबाईंना राहवेना. "काऊन वं रोशनी, पाय तोडून राह्यली? तुहा बाप तं याचं मुंडकं काढून वांग्यात फिरे!"

"लोक हसतात, मावशी."

"हसू दे ना! लोकायले दाखवाले आली का झाडं पाहाले?"

रोशनीने कीबोर्ड सुटा केला. इतके दिवस झाकलेल्या कडेला वाळलेली काळी माती होती. बाबांच्या हातची. तिने ती पुसली नाही. स्क्रीन घेऊन ती सरीत शिरली.

तिची पन्नास झाडं झाली तेव्हा सुरभी तिसाव्यावर घामाघूम झाली होती.

"तुह्या बाबानं काम पाहून घेतलं," ती पुटपुटली. "आमच्या बाबानं दुकानातलं सगळ्यात मोठं उचललं. मले तं तुहाच हेवा वाटे!"

रोशनी थबकली. हिलाही! मग तिने टॅब पुढे केला. "घे. उरलेली यावर कर."

काम रोशनीला मिळालं. महिन्याचे लांबलचक तक्ते मात्र टॅबवर उरकेनात. ते सुरभीच्या लॅपटॉपवर होऊ लागले.

मंडळी, वस्तू निवडावी ती आपल्या कामाकडे पाहून. दुसऱ्याच्या हातात काय आहे हेच पाहत बसलो, तर आपल्या हातातलं नीट उघडून पाहायचं राहूनच जातं.