मान धाकट्याची, धड थोरल्याचं

समान वाटणी हीच न्यायाची खरी कसोटी, अशी या दोन भावांच्या घराण्याची पिढीजात श्रद्धा होती. लहानपणी घरात एकच खोडरबर आला तरी तो ब्लेडने मधोमध कापला जाई. मग कोणाचा तुकडा मोठा, यावरून दोघे दिवसभर अबोला धरत.

त्यामुळे हॉटेलांत गिटार वाजवणारे काका ‘गिटार दोघांना सारखी’ एवढंच सांगून गेले, तेव्हा कोणाला पेच पडला नाही. इलेक्ट्रिक गिटार ती. स्क्रू काढले की दोन भाग. लांब मान धाकट्याने घेतली, धड थोरल्याने. निघताना धाकट्याने दोन्ही भाग हातांत तोलून पाहिले.

“दादा, तुझ्याकडे जास्त गेलं.”

“वजनावर काय जातोस? दोन्ही सारखंच.”

आठ वर्षं झाली, बोलणं त्यापुढे गेलं नव्हतं. धाकटा दातांचा डॉक्टर. भावाने आपल्याला कसं गंडवलं, ही हकिगत तो पेशंटना ऐकवी. त्यांची तोंडं उघडीच असल्यामुळे उलट प्रश्न येत नसे.

थोरल्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. यंदा वाफेच्या इस्त्रीचा बॉयलर कायमचा बसला. नवा घेतला नाही तर दुकानही बसणार, हे उघड होतं. घरात विकण्यासारखी वस्तू एकच, तीही अर्धी. फोनभोवती बराच घुटमळून त्याने शेवटी भावाला फोन लावला.

“किंमत काढायची? काढूच,” धाकटा म्हणाला. “कोणाचं जास्त तेही एकदा कळू दे.”

जुन्या वाद्यांची पारख करणाऱ्या बाई आपल्या दुकानामागच्या चिंचोळ्या खोलीत बसत. एकाने चादरीतून धड काढलं, दुसऱ्याने एक्स-रेच्या पाकिटातून मान. बाईंनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

“अपघात झाला होता का?”

“वाटणी,” थोरला म्हणाला.

बाईंनी भिंग लावलं. मानेच्या बुडाशी पेन्सिलीतली पुसट सही दिसली, तशा त्या सावरून बसल्या. “ही हाताने घडवलेली. अशा मोजक्याच झाल्या, मग कारखाना बंद पडला. हिच्यासाठी लोक रांग लावतील.” मग त्यांनी धडावर टिचकी मारली. “हे नंतरचं. तुमच्या काकांनीच कधीतरी बदललेलं दिसतंय. याचं काही येणार नाही.”

थोरला हिरमुसून चादरीची घडी घालू लागला. बॉयलर गेला. पण धाकट्याचा चेहरा त्याहून उतरला होता.

“नीट बघा हो,” तो कळवळून म्हणाला. “उचलून तरी बघा! केवढं जड आहे!”

“लाकूड स्वस्तातलं असलं की असतं जड.”

“आणि ही बटणं? सगळी याच्यावरच आहेत ना?”

“बटणं बाजारात मिळतात.”

थोरला बघत राहिला. भाऊ त्याच्या बाजूने आयुष्यात इतका भांडला नव्हता. आठ वर्षं जिवापाड जपलेली तक्रार कोणीतरी हातातून काढून घेत होतं. थोरल्याला दया आली. त्या दयेच्या मागे बॉयलरही उभा होता, हे त्याने मनातल्या मनात कबूल केलं.

बाहेर पायरीवर धाकटा थांबला. “दादा, हे घरी बोलू नकोस.”

“कोणतं?”

“मला जास्त मिळालं ते. सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगून बसलोय मी.”

“म्हणजे लबाड मीच राहायचं?”

“आठ वर्षं आहेसच की. सवय झाली असेल.” मग खालच्या आवाजात, “पैसे निम्मे-निम्मे. अगदी सारखे.”

थोरला विचारात पडला. आपल्याला कमी मिळालं, ही तक्रार आता त्याच्या हक्काची होती. इतक्या वर्षांनी मिळालेली, अस्सल, पुराव्यासकट. आणि नेमकी तीच विकायची होती.

“चालेल,” तो म्हणाला. “पण दुकानात येत जा अधूनमधून.”

“कपडे घेऊनच येतो. सवलत?”

“बघू.”

मान विकली गेली. बॉयलर आला. धाकटा कोट घेऊन येतो आणि तासभर गप्पा मारतो. ज्याने आधीच जास्त लाटलं, त्यालाच आपल्या वाट्यातले निम्मे पैसे का दिले, याचं उत्तर मात्र धाकट्याच्या बायकोला अजून कोणी दिलेलं नाही. ती आता दोघांशीही बोलत नाही.