तोकड्या पायाची खुर्ची

"अरे, ही डुगडुगतेय! पाय तोकडा झाला हिचा. सरळ कर, नाहीतर चुलीत घाल!"

मित्रांनो, माझ्या कानी पडलेला हा पहिला आवाज. सुतारकाकांच्या वडिलांचा. अंगावरचा भुसाही तेव्हा झटकलेला नव्हता. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तीन पाय सारखे, चौथा नखभर कमी. म्हातारबाबांचं ते बोलणं मी विसरले नाही, पण मनावरही घेतलं नाही. चुलीत गेले नाही, सरळही झाले नाही.

सुतारकाकांनी मला चांगल्या खुर्च्यांच्या घोळक्यात खपवून एका प्रशिक्षण संस्थेत धाडलं. तिथे नव्याने साहेब झालेली माणसं शिकायला येत. काल यंत्रावर असलेला माणूस आज दहा जणांचा प्रमुख. हुकूम सोडायला कुणालाही येतो. माणसं सांभाळावी कशी, ते तिथे शिकवत. शिकवणाऱ्या बाई अभ्यासक्रम स्वतः रचत. फळ्यावर मांडत, पुसत, गुणगुणत पुन्हा मांडत, जणू ओळीला ओळ जुळवताहेत.

एकदा एक गोदामप्रमुख दिवसभर माझ्यावर बसला. टक् पुढे, टक् मागे. ना तो बोलला, ना शेजारचे. संध्याकाळी सगळे गेल्यावर बाई सहज माझ्यावर टेकल्या आणि दचकल्या. "अगं बाई! हा माणूस दिवसभर डोळ्यांसमोर डुगडुगत होता, आणि मी त्याला माणसं सांभाळायला शिकवत होते!"

त्या दिवशी 'खुर्चीचा तास' जन्मला. एकाला माझ्यावर बसवायचं, सगळ्यांना कामाला लावायचं आणि बघायचं, त्याचं डुगडुगणं कुणाच्या लक्षात येतं, कोण विचारतं. मला केवढा मान आला म्हणून सांगू!

पण पुढे कंपन्या विचारू लागल्या, "मान्यता आहे का?" मान्यता नाही, तर माणसं पाठवणार नाही. वर्ग ओस पडू लागला. बाईंनी मान्यता देणाऱ्या मंडळाकडे अर्ज केला, तर उलट प्रश्न आला: खुर्चीचा तास म्हणजे काय? त्याचं मोजमाप काय?

संस्थेचा कारभार बाईंचे धाकटे भाऊ बघत. ते म्हणाले, "ताई, काढून टाक तो तास. एका खुर्चीपायी कुलूप लावायचंय का?"

"तो काढला तर उरतील नुसते सुविचार," बाई म्हणाल्या. "ते भिंतीवरही टांगता येतात."

पण मंडळाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी भाऊंनी माझ्या पायाला गुपचूप रबरी बूच बसवलं. माझं लाकूडन् लाकूड पेटलं! हा पाय माझा. याच पायाने मला घोळक्यातून वेगळं काढलं. सकाळी झाडणाऱ्या मावशींनी मला ओढलं, तेव्हा मी फरशीच्या फटीत तो पाय अडकवला आणि बूच भिरकावलं कपाटाखाली. घ्या!

तपासनीस आले आणि दाराशी मीच होते म्हणून माझ्यावरच बसले. भाऊंनी कपाळाला हात लावला. बाई उठता उठता थांबल्या. परीक्षा वर्गाची होती. उत्तर त्यांनीच सांगून कसं चालेल?

टक्. टक्. तपासनीसांनी डावा पाय रोवला, कोरड्या आवाजात प्रश्न विचारले आणि पुटपुटत लिहिलं, "खुर्चीचा तास. मोजमाप नाही. वगळावा."

कडक इस्त्रीतला वर्ग पुतळ्यासारखा बसलेला. विचारा की रे! शिकलात ते काय फक्त हाताखालच्यांसाठी? मी मुद्दाम जोरात वाजले. टक्!

इस्पितळाच्या धुलाईघराच्या नव्या प्रमुख मागून उठल्या. "साहेब, खुर्ची हलतेय का हो तुमची?"

"नाही, नाही. ठीक आहे."

"अहो धुलाईबाई, तपासायला ते आलेत, तुम्ही नाही!" कुणीतरी टोमणा मारला.

पण त्या तासाचा खरा धडा हाच होता, की पहिल्या 'ठीक आहे'वर थांबायचं नाही. धुलाईबाई थांबल्या नाहीत. "ठीक कसलं, साहेब? आल्यापासून डावा पाय रोवून बसलाय. पोटरी भरून आली असेल. उठा बघू, माझी घ्या."

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणाचे तरी साहेब व्हाल, बाई व्हाल. मला पुसा, उन्हापावसात टाकू नका, पण माझ्या पायाला हात लावाल तर खबरदार! मला सरळ करून काय मिळवाल? माझ्यावर कोण बसलंय, ते बघा. आणि एकदा विचारून गप्प बसू नका.

तपासनीस उठले नाहीत. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली. पेनाची खरखर मी ऐकली. "मोजमापाच्या रकान्यात काय लिहायचं, ते सांगा, बाई. किती जणांनी विचारलं, हेच ना?"

"आणि किती जणांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेही," बाई म्हणाल्या.

तपासनीसांनी लिहून घेतलं. मग पेनाचं टोपण हातातच राहिलं, आणि खाली बघत ते म्हणाले, "हलतेय. सकाळपासून हलतेय. ऑफिसातली माझी तर याहून हलते. इतकी वर्षं झाली... कुणी विचारलंच नाही, म्हणून मीही कधी बोललो नाही."