चटका बसला

विनयाबाईंना चुकीचं मराठी ऐकू आलं, की भाताच्या घासात खडा लागल्यासारखं व्हायचं. गाझियाबादेत उभा जन्म गेला तरी ही खोड काही सुटली नव्हती. भाची सुखदा त्यांच्याकडेच राहायची. पोर दिल्लीत वाढलेली, त्यामुळे ‘मावशी, चाय बनवली’ असलं काहीतरी बोलायची. “चहा तो. चहा केला म्हणायचं,” हे सांगून सांगून बाईंचा घसा कोरडा पडला होता.

म्हणूनच तर सुखदाचा मित्र राघव त्यांना भारी आवडायचा. मूळचा पुण्याचा, नोएडात चांगल्या हुद्द्यावर, आणि मराठी म्हणाल तर नुसती खडीसाखर. दोन वर्षं दोघं बरोबर हिंडत होती. आज त्याचे आईवडील साखरपुड्याचं बोलायला आले होते, दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्टहाउसात उतरले होते. सुखदाला तिकडे न्यायला राघव निघालाच होता.

विनयाबाई तिला साडी नेसवत होत्या. निऱ्या खोचायला वाकल्या तर बाहीखाली दंडावर लालभडक, टोकदार डाग दिसला.

“अगं, हे काय?”

“इस्त्रीचा चटका दिला,” सुखदा पुटपुटली.

“दिला काय? बसला म्हण. चटका बसला. एक वाक्य धड येईल तर शपथ.”

सुखदानं बाही आणखी वर सरकवली. मग म्हणाली, “नाही मावशी. बसला नाही. दिला. राघवनं.”

बाईंच्या हातातल्या निऱ्या सुटून खाली पडल्या. मारणारे पुरुष त्यांनी पाहिले नव्हते असं थोडंच होतं? पण ते दारू ढोसून येणारे, शिव्यांशिवाय न बोलणारे, आणि मारणार ते लग्नाच्या बायकोला. हा तर त्यांच्या भाजीच्या पिशव्या जिन्यानं वर आणून द्यायचा. वाकून नमस्कार करायचा मेला.

“मग सोडलं का नाहीस त्याला?”

“सोडते म्हटलं, तेव्हाच तर दिला.”

विनयाबाईंना दिवाळी आठवली. सुखदाचं नख काळंनिळं झालं होतं आणि ती म्हणाली होती, ‘दारात बोट दाबलं.’ तेव्हा बाईंनी काय करावं? ‘दाबलं नाही गं, चेमटलं,’ असं शिकवलं. आणि पोर शहाण्यासारखी ‘चेमटलं’ म्हणाली होती.

“दिवाळीतसुद्धा त्यानंच?”

सुखदानं होकारार्थी मान हलवली. पोरीनं दोनदा खरं सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा ते आपणच खोडलं, या विचारानं बाईंना स्वतःची शिसारी आली.

बेल वाजली. विनयाबाईंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. बाहेर राघव, हातात मिठाईचा डबा.

“ती येणार नाही,” बाई म्हणाल्या.

राघव हसला. “हाताचं सांगितलं वाटतं? अहो मावशी, इस्त्रीचा चटका बसला तिला. वेंधळी आहे जरा.”

कुठे बोट ठेवायला जागा नाही असं शुद्ध वाक्य.

“बसला नाही,” विनयाबाई म्हणाल्या. “दिला.”

त्यांनी दार लोटून वरची कडीही घातली आणि फोन हातात घेतला.

“पोलिसांना लावते. तुला येईल तसं सांग, बाळा. मी मध्ये बोलणार नाही.”