मानेमागचा तडा

तडा पहिल्यांदा दिसला तेव्हा तो केसाएवढा होता. बुद्धाच्या मानेमागे, जिथे केसांचे बारीक वळसे संपतात, तिथून निघून करंगळीच्या पेराएवढा वर चढलेला. मी रोज सकाळी मूर्तीवरचा भुसा पुसतो. फडक्याचा एक धागा त्यात अडकला म्हणून कळलं, नाहीतर माझ्या नजरेतून सुटलाच असता.

मी पेन्सिलीने तड्याच्या टोकाशी रेघ मारली आणि मूर्तीवर चादर टाकली. विहारातले भंतेजी मूर्ती न्यायला यायला आठ दिवस उरले होते.

मूर्ती माझ्या सुनेने घडवली होती. कमरेएवढी उंच, एकाच ओंडक्यातली, मांडी घालून बसलेली. डावा हात मांडीत, उजवा हात छातीपाशी उचललेला, तळवा समोर. भिऊ नकोस असं सांगणारा हात तो. सात महिने तिने त्यावर घालवले होते. फक्त डोळे राहिले होते. डोळे आम्ही सगळ्यात शेवटी कोरतो, आणि तेही अर्धेच उघडे. अर्धी नजर जगावर, अर्धी आत.

कारखाना आम्हा दोघा भावांचा. धाकट्याकडे यंत्रं आणि गिऱ्हाईक, माझ्याकडे हाताचं कोरीवकाम. माझा मुलगा बोटीवर नोकरीला गेला, वर्षातून एकदा येतो. त्याची बायको माझ्या शेजारी बसून काम शिकली आणि कधी माझ्या पुढे गेली ते मलाही कळलं नाही. भंतेजींचं काम आलं तेव्हा मी म्हणालो, ही करेल.

धाकट्याला ते पटलं नव्हतं. "दादा, चौकटीवरच्या वेलबुट्ट्या करू दे तिला, मी कुठे नाही म्हणतो? पण अख्खी मूर्ती? काही वाकडं झालं ना, तर मग मी कुणाचं ऐकणार नाही. पुन्हा पटाशी धरायची नाही तिने."

"कबूल," मी म्हणालो. सून दारात उभी होती. तिनेही मान हलवली.

ओंडका मी निवडला होता. कापराच्या झाडाचा, चांगला दोन हात रुंदीचा. लाकूड सुकलंय का हे आम्ही वाजवून ठरवतो. मोगरीच्या दांड्याने ठोकलं की ओलं लाकूड बद्द बोलतं, सुकलेलं खणखणतं. पन्नास वर्षं या कामाला मलाच बोलावतात. 'दादाचा कान' म्हणून आसपासचे कारागीरसुद्धा घेऊन जायचे. त्या दिवशी लाकूडवाला, धाकटा, सून, सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी ठोकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. बद्द नाही की खण नाही, नुसता दांड्याचा हाताला बसलेला झटका. तोवर माझं हे वर्षभर चाललं होतं. माणूस समोर उभं राहून बोललं तर ओठ बघून, थोडा आवाज मिळून निभायचं. बारीक आवाज मात्र पार गेले होते.

बायको डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "वास किती मारतोय याला! ओला तर नाही ना?"

"आता तुझ्या नाकाने लाकूड घ्यायचं का?" मी म्हणालो, आणि सगळे हसले. त्या हसण्यात मी मान हलवून टाकली. "सुकलंय. पोखरायची गरज नाही."

ओल्या लाकडाची मूर्ती करायची तर ती आधी पाठीमागून पोखरावी लागते. सुकताना बाहेरचं लाकूड आवळतं. गाभा आत ताठ बसून राहिला तर बाहेरचं फाटतं. म्हणून गाभा काढून टाकायचा आणि पाठीला फळीचं झाकण बसवायचं. आम्ही पोखरली नाही, कारण मी सुकलंय म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी तडा रेघेच्या दोन बोटं पुढे होता. मी खिडक्या लावून घेतल्या आणि पंखा बंद केला. वारं लागलं की लाकूड लवकर आवळतं. चादरीखाली ओलं फडकं ठेवलं. तिसऱ्या दिवशी तड्यात मेण भरलं आणि त्यावर भुसा चोळला. चौथ्या दिवशी पाहिलं तर मेणाचेही दोन भाग झाले होते. तडा लाकडाच्या रेषांच्या, नसेच्या वाटेने चालतो, आणि या ओंडक्याची नस उजव्या कानामागून वळून गालावर उतरत होती. मी बोटांनी मोजलं. कानापर्यंत पाच बोटं, तिथून गाल तीन.

"आबा, खिडक्या का बंद?" सुनेने विचारलं. "डोळ्यांची आखणी करायचीय, उजेड हवा मला."

"धूळ येते."

"धूळ? आपण भुशात बसतो आबा, धुळीचं काय घेऊन बसलात?"

मी तिला दाराच्या चौकटीचं एक काम दिलं आणि बाहेर बसवलं. ती गेली, पण जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

दुपारी जेवताना बायको ताटासमोर येऊन बसली. "तीनदा विचारलं, अजून वाढू का. तुम्ही म्हणता, उद्या बघू."

"लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं की कान नव्हता? दोन वर्षं झाली. मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? मागून हाक मारायची तर भिंत बरी."

माझा घास हातातच राहिला. "कुणाला बोललीस?"

"मी कशाला बोलू? कान तुमचे, तोंडही तुमचंच."

मग मी तिला तड्याचं सांगितलं. सगळं, ओंडक्यापासून. तिने माझ्या पुढचं ताट उचललं, अर्धं तसंच असताना.

"म्हणजे पोरीच्या गळ्याशी आलंय आणि तुम्ही मेण लावत बसलात. आज सांगा तिला."

"सांगतो," मी म्हणालो. त्या दिवशी सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी मी पोहोचायच्या आत तिने चादर काढली होती. खिडक्या सताड उघड्या होत्या. ती मूर्तीच्या मागे गुडघ्यांवर बसली होती आणि तड्यावर बोट ठेवून होती. माझ्या पेन्सिलीच्या चार रेघा तिच्या डोळ्यांसमोर होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला वाईट वाटेल म्हणून लपवलंत?" तिने विचारलं. तिच्या डोक्यात दुसरं कारण येतच नव्हतं. "मानेत मी खोल घेतलं आबा. तिथूनच सुरू झालाय बघा. शेवटचा हात नको होता मारायला, तेव्हाच वाटलं होतं मला."

आता बोलायचं, असं मी ठरवलं. तेवढ्यात धाकटा आला. त्याने तडा पाहिला, मग कुणाकडेच न बघता हात झटकले.

"झालं समाधान? मी बोललो की मी वाईट. सात महिने! आता असं करायचं, तड्यात भुसा आणि सरस भरायचा, वरून सोनेरी रंग. भंतेजी काय भिंग घेऊन बसणार आहेत? आणि दादा, वहिनींना सांगा, सुनेला घरात काम कमी असेल तर माझ्या ऑफिसात बसवा म्हणावं. पटाशी बास."

सुनेने आपल्या पटाश्या एकेक पुसून कापडाच्या गुंडाळीत घालायला सुरुवात केली. अकरा पटाश्या होत्या. मी बघत राहिलो. तिने गुंडाळीला गाठ मारली तरी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आयुष्यात पुष्कळ गोष्टींची लाज वाटली, पण त्या गाठीएवढी कशाची नाही.

"बास तर बास, काका," ती म्हणाली. "पण रंग लावायचा नाही. याचे कान बघा. राजाचा मुलगा होता तेव्हाच्या जड कुंडलांनी लोंबलेल्या पाळ्या आहेत या. कुंडलं टाकून दिली तरी पाळ्या तशाच राहिल्या, आणि आपण त्या तशाच कोरतो. त्याच्या अंगावरची खूण झाकत नाही, मग आपली चूक कशी झाकायची? लोक याच्यासमोर मन मोकळं करायला बसणार."

"मग काय करू? चिरलेली देऊ?"

"आत्ता पोखरली तर? गाभा काढला तर तडा थांबेल. गालावर यायच्या आत."

धाकटा हसला, पण त्यात हसू नव्हतं. "तयार मूर्ती पोखरणार? बोटभर भिंत ठेवायची असते. आतून पटाशी जरा पुढे गेली की थेट गालातून बाहेर!"

"आबांचा कान आहे ना," ती म्हणाली.

चिरलेली देण्यापेक्षा हे बरं, म्हणून धाकट्याने एवढ्यापुरती तिच्या हाती पटाशी राहू दिली. सहाव्या दिवशी सकाळी मूर्ती भुशाच्या पोत्यांवर कुशीवर निजवली. धाकट्याने बारीक करवतीने पाठीची फळी कापून काढली. धड पोखरायला अवघड नव्हतं. तिथे हात आत जातो, जाडी मोजता येते. दुपारपर्यंत ते झालं. डोक्याची गोष्ट वेगळी. तिथे मानेच्या वाटेने फक्त लांब दांड्याची पटाशी जाते, हात जात नाही. तिथे कानच लागतो. एकाने आतून कोरायचं आणि दुसऱ्याने बाहेरून टिचकी मारत ऐकायचं. भिंत जाड असली की टिचकी दबकी वाजते, पातळ झाली की पोकळ. बोटभर राहिली की थांब म्हणायचं.

सून पाठीकडे बसली, मी चेहऱ्याकडे. बायको तिच्यामागे चुरा भरायला टोपली घेऊन होती. ती सुनेच्या खांद्यावरून माझ्याकडे टक लावून बघत होती.

सुनेने चार हात मारले आणि थांबली. मी उजव्या गालावर टिचकी मारली.

"आबा, किती आहे?"

गालाला माझं नख लागलं एवढं कळलं. बाकी काही नाही.

"पुष्कळ आहे. चालू दे."

पुन्हा चार हात. पुन्हा टिचकी. माझ्या कपाळावरून घाम नाकावर आला होता.

"आता?"

"चालू दे."

धाकटा माझ्या शेजारी वाकून उभा होता. त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, म्हणजे तोही घाबरला होता. तिने पुन्हा मोगरी उचलली. मी तळवा गालावर दाबून धरला होता. एक ठोका बसला आणि लाकडाच्या आतून काहीतरी टोकदार माझ्या तळव्याला शिवल्यासारखं झालं. जसं पोटातलं मूल आतून लाथ मारतं, तसं.

"थांब!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की टोपली कलंडली. "थांब. मला ऐकू येत नाही."

"कुठे? गालाजवळ का?"

"कुठेच नाही. दोन वर्षं झाली. ओंडका वाजवला तेव्हाही आलं नव्हतं. तुझ्या हाताची चूक नाही. लाकूडच ओलं होतं."

कुणीच काही बोललं नाही, की बोललं ते मला ऐकू आलं नाही, सांगता येणार नाही. सुनेने पटाशी अलगद बाहेर काढली.

"मग आत्ता दोनदा चालू दे म्हणालात ते?"

"अंदाजाने."

ती उठली, नळावर गेली आणि कोपरापर्यंत हात धुतले. बराच वेळ धूत होती. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"काल दिवसभर मी माझ्या हाताला शिव्या देत होते, आबा. रात्रभर झोपले नाही. आणि तुम्ही बघत होतात."

धाकटा म्हणाला, "यंत्रांपायी मलाही धड ऐकू येत नाही दादा. पण मी निदान सोंग तरी करत नाही." मग खाली बसला आणि डोकं धरलं.

"काका, नंतर," सून म्हणाली. "आबा, उठा. इकडे बसा. पटाशी तुम्ही धरा. तुमचे हात तरी खरे आहेत ना?"

आम्ही जागा बदलल्या. तिने डोक्यावरचा पदर बाजूला केला आणि आपला कान बुद्धाच्या गालाला चिकटवून टिचकी मारून पाहिली. एक पाय लांबवून माझ्या पायाला लावला. एकदा ढोसलं की चालू, दोनदा ढोसलं की थांबायचं. मी मोगरी उचलली. पहिला ठोका नेमका बसला. हाताला काम मिळालं की त्याला भीती आठवत नाही, मनाचं तसं नसतं.

गाभ्याचा चुरा बाहेर येऊ लागला. तो बोटांना चिकटत होता, इतका ओला. खोलीभर कापराचा उग्र वास पसरला. बायकोने टोपलीतली चिमूट उचलून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यावरच मला सोडलं. सूर्य कलेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. एकदा चाल, एकदा चाल. गालापाशी आलो तेव्हा तिने इतक्या जोरात दोनदा लाथ मारली की माझी नडगी दुखली.

सातव्या दिवशी तडा आणखी अर्धं बोट सरकला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही म्हटलं तरी चालेल. आठव्या दिवशी तो रेघेवरच होता. नवव्या दिवशी सकाळी धाकट्याने स्वतः दोनदा वाकून पाहिलं, चष्मा लावून आणि चष्मा काढून. तडा कानाच्या मागे थांबला होता. गाल साबूत होता.

भंतेजी दहाच्या सुमारास आले. मूर्तीसमोर उभे राहिले, डोळे अजून कोरे आहेत हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"मी आज न्यायला आलो होतो," ते म्हणाले. "केव्हा मिळेल?"

त्यांनी विचारलं धाकट्याला. धाकट्याने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्याने घसा खाकरला.

"सुनेला विचारा. मूर्ती तिची आहे, तिलाच ठाऊक."

सून पुढे आली. "मागून बघून घ्या भंतेजी. तडा आहे. लाकूड ओलं निघालं. चार महिने सुकू द्या, मग डोळे उघडीन. त्यात पुन्हा चिरली तर मी देणार नाही, दुसरी करीन."

"लाकूड मी निवडलं होतं," मी म्हणालो. "खोटं बोलून."

भंतेजींनी मागे जाऊन तड्यावरून बोट फिरवलं, पोकळीत वाकून पाहिलं. उपदेश केला नाही. "चार महिने," एवढंच म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

ते गेल्यावर धाकटा कुरकुरला. "तीन सांगायचे होतेस. घासाघीस करायला एक हाताशी राहिला असता."

"चारच लागतील, काका."

"बरं बाई, चार," तो म्हणाला आणि यंत्राकडे गेला.

तिने कापडाची गुंडाळी सोडली आणि बारीक पटाश्या वेगळ्या काढून माझ्या मांडीवर ठेवल्या. मग कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "यांची धार गेलीय. उद्यापर्यंत लावून द्या." तीन दिवसांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दगडावर तेल टाकलं आणि धार लावायला बसलो.