वनितावहिनीचा फोटो

मायानं व्हीआरचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिला शिसारी आली. आधीच्या अकरा मुलींचा घाम आणि खोबरेल तेल त्याच्या फोममध्ये मुरलं होतं. पण बोलायची सोय नव्हती. नर्सिंग कॉलेजात हे यंत्र आणलं डॉक्टर विजयसिंहांनी, फीत कापली त्यांनीच आणि शिकवतही तेच होते.

"घाबरू नकोस. पोटाच्या आत चाललोय आपण," डॉक्टरांचा मऊ आवाज आला.

समोर बाईचं शरीर तरंगत होतं. ना रक्त, ना वास. मायानं बटण दाबलं तशी कातडी गेली, आतडी बाजूला सरकली आणि गर्भाशय पुढ्यात आलं.

"आता रोगट पिशवी बघ."

गर्भाशय काळवंडलं. डाव्या बाजूला चिंचोक्याएवढा डाग उमटला, त्याला खाली बारीक शेपटी.

माया जागीच थिजली. हा डाग तिनं पाहिला होता. वनितावहिनीला याच डॉक्टरांनी तिच्या पिशवीचा म्हणून फोटो दिला होता. तुझ्या पोटातली पिशवी सडलीय, ऊसतोडीला जायच्या आधी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल, म्हणाले होते. वहिनी अठ्ठावीस वर्षांची. नणंद नर्स होणार म्हणून तिनं मोठ्या विश्वासानं फोटो मायाच्या मोबाइलवर पाठवला, आणि मायानं शहाण्यासारखं सांगितलं होतं, "काढून टाक वैनी." ऑपरेशन उद्या सकाळी होतं.

तिनं चष्मा काढला. डॉक्टरांची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या त्या शहाणपणाची.

"सर, ही पिशवी कुणाची हाय?"

"कुणाची म्हणजे? कंपनीनं बनवलंय ते." डॉक्टर हसले. "माझ्याकडं दोन वर्षांपासून आहे."

मायानं मोबाइल काढून फोटो उघडला. मागं आपल्या पाळीची वाट बघत उभी असलेली सायली तिच्या खांद्यावरून डोकावली.

"अगं माया, माझ्या आईचा फोटो तुझ्याकडं कावून?"

"तुझ्या आईचा?"

"गेल्या साली पिशवी काढली न्हाई का तिची? तवाचा हाय ह्यो. सरांनीच दिलता."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "आज इतकंच पुरे," म्हणत त्यांनी चष्म्यासाठी हात पुढं केला.

मायानं तो दिला नाही. फोमवरचा घाम ओढणीनं पुसला आणि चष्मा सायलीच्या डोळ्यांवर चढवला.