सगळ्यांत कमी आकडा

मी एक जुनं रक्तदाब मोजायचं यंत्र आहे आणि मित्रांनो, मला तुमचा राग आहे.

अशी सुरुवात करायची नसते, ठाऊक आहे मला. फाटकी छत्री, गंजलेली सायकल, शाळेतला बाक, ही सगळी मंडळी आपली कहाणी हळू आवाजात सांगतात. तुमचे डोळे पाणावतात, तुम्हाला दहापैकी आठ गुण मिळतात आणि छत्री फाटकीच राहते. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटात पारा आहे. पारा विषारी असतो.

तर जन्म. आत्मवृत्तात तो लागतोच, म्हणून उरकून घेतो. एक काचेची नळी, तिच्यामागे शून्यापासून तीनशेपर्यंत रेघा, खाली पारा, वर पत्र्याची पेटी. रबरी नळीने जोडलेला एक कापडी पट्टा आणि एक फुगा. पट्टा माणसाच्या दंडाला बांधायचा. फुगा दाबला की पट्टा आवळतो, मी वर चढतो. हवा सोडली की मी खाली उतरतो. उतरताना ज्या रेघेवर रक्ताचा पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. ठोके ऐकू येईनासे होतात, तो खालचा. एकशेवीस आणि ऐंशी, म्हणजे माणूस ठीक. एवढंच मला येतं. मी खोटं बोलत नाही, याचं कौतुक करू नका. दगडही बोलत नाही.

नोकरी.

खोकी बनवण्याचा कारखाना. बुटांची खोकी, औषधांची खोकी, मोबाइलची खोकी. ज्यातून तुम्ही वस्तू काढून घेता आणि जी पायाने बाजूला सारता, ती. फाटकाशेजारी प्रथमोपचाराची खोली होती. तिथे एक टेबल, एक स्टूल, एक वही, मी आणि सिस्टर.

आत शेडमध्ये दाबयंत्रं होती. पुठ्ठ्याचा ताव हाताने आत सरकवायचा, पात्यांचा साचा वरून खाली येतो, आकार कापून निघतो, हात मागे घ्यायचा. मिनिटाला बावीस वेळा. हात मागे घ्यायचा, हे त्यातलं महत्त्वाचं. एकदा एका कामगाराला यंत्रासमोर भोवळ आली आणि त्याची दोन बोटं साच्यातच राहिली. तेव्हा नियम झाला. दर महिन्याला प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा. वरचा आकडा एकशेसाठच्या पुढे गेला, तर त्याला पंधरा दिवस कामावर उभं करायचं नाही.

चांगला नियम होता. पहिल्याच महिन्यात चोवीसपैकी अकरा जण एकशेसाठच्या वर गेले.

अकरा जण घरी बसवले, तर खोकी कुणी कापायची? बाहेर तुम्ही दारात उभे होतात ना, आजच मागवलेली वस्तू उद्या हवी म्हणून. साहेब आमच्या खोलीत आला. त्याने आवाज चढवला नाही. तो म्हणाला की पांढरा कोट बघून माणूस बिचकतो, त्यामुळे पहिला आकडा घाबरल्याचा असतो. डॉक्टरसुद्धा दुसऱ्यांदा मोजतात, आपण तीनदा मोजू आणि सगळ्यांत कमी आकडा वहीत लिहू. सिस्टरने हे पुस्तकात वाचलेलं होतं. अर्धं खरं होतं, म्हणून ते पूर्ण खपलं.

त्या दिवसापासून मी तीनदा चढायचो, तीनदा उतरायचो. साहेबाच्या दंडाला मात्र मी एकदाही लागलो नाही. तेवढी खबरदारी त्याने घेतली.

आता माणूस. त्याला सगळे 'गजर' म्हणत. वय बेचाळीस, तिसऱ्या दाबयंत्रावर. सकाळी इतक्या ठरल्या ठोक्याला आत यायचा की पहारेकरी त्याला बघून आपलं घड्याळ लावायचा. अंगाने सडपातळ, बोलायला मिठ्ठास, सिस्टरची रोज न चुकता फिरकी घेणारा. त्याची पहिली नोंद अशी होती:

पहिला १६६/१०२. दुसरा १६०/१००. तिसरा १५२/९६.
वहीत: १५२/९६. योग्य.

पुढच्या महिन्यापासून डबल सुरू झाली, म्हणजे एक पाळी संपली की घोटभर चहा घेऊन तिथेच दुसरी. आठवड्यातून दोनदा, मग चारदा, मग रोज. नोंदी वाढत गेल्या.

पहिला १७४. पहिला १८०. पहिला १८८.

हे आकडे वहीत सापडणार नाहीत. ते फक्त माझ्याकडे आहेत.

त्याच्याबरोबर आणखीही काय काय वाढत होतं, तेही वहीत नाही. मानेमागे दुखायचं. सकाळी नाकातून रक्त यायचं, ते त्याने उन्हावर ढकललं. घरी गेलं की झोप लागायची नाही, पापण्या मिटल्या की साचा खाली येताना दिसायचा. बायकोवर ओरडला, कशावरून ते त्यालाच आठवेना. छातीत धडधडायचं, ते त्याने चहावर ढकललं. हे सगळं तो स्टुलावर बसून हसत हसत सांगायचा आणि सिस्टर मान हलवत फुगा दाबायची.

सिस्टर मायाळू होती. माझा सगळ्यांत जास्त राग तिच्यावर आहे.

तिला त्याची काळजी वाटली. म्हणून तिने काय केलं, तर त्याला आकडा उतरवायला शिकवलं. आधी लघवीला जाऊन यायचं. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाही. पाठ भिंतीला. बोलायचं नाही. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, डोळे मिटून, पाच मिनिटं. त्याने खरोखर बरं वाटतं. पाच मिनिटं वाटतं.

गजर त्यात तरबेज झाला. डोळे मिटले की त्याचा चेहरा खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखा रिकामा व्हायचा. मग तो पुटपुटायचा, "सिस्टर, आता मी घरीही नाही आणि कामावरही नाही. मोजून घ्या पटकन."

आणि मी उतरायचो. वीस, तीस रेघा. तो रक्तदाब खराच होता, पण त्या पाच मिनिटांपुरता. दिवसाची उरलेली मिनिटं कुणी मोजली नाहीत.

त्याने ही विद्या सगळ्या शेडला शिकवली. कॅन्टीनमध्ये त्यावर पैजा लागू लागल्या. आज कुणी किती उतरवले? बत्तीस? मी चौतीस. हरलेल्याने चहा पाजायचा. सगळ्यांत म्हातारा कामगार, ज्याला सगळे मामा म्हणत, तो कायम हरायचा आणि वर म्हणायचा, "अरे, मला श्वास आत घेता येतो, बाहेर सोडायला वेळ कुठाय." हसायचे सगळे. यंत्रांजवळ, कॅन्टीनच्या बाकावर, हात धुवायच्या नळापाशी माणसं भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसलेली दिसू लागली. अशा माणसाशी कुणी बोलायचं नाही, तो उतरवतोय, असा रिवाज पडला.

मोजताना सिस्टर माझी पेटी स्वतःकडे वळवून ठेवायची, आकडा बघून माणूस घाबरू नये म्हणून. त्यामुळे आपला पहिला आकडा त्यांच्यापैकी एकानेही कधी पाहिला नव्हता. किती उतरले, तेवढंच ती सांगायची.

कौतुक. हेही लागतं. वर्षाच्या शेवटी कारखान्याला एक चकचकीत पाटी मिळाली, कारण वहीतल्या चोवीसच्या चोवीस जणांची प्रकृती योग्य होती. पाटी माझ्या डोक्यावर टांगली.

मग तो दिवस. गजरची सलग एकोणिसावी डबल. सकाळी दहाला तो स्टुलावर बसला, सिस्टरने पट्टा बांधला आणि मी चढलो. दोनशेच्या खाली पहिला ठोका यायची सवय होती मला. तो दोनशेबाराला आला. इतक्या जोराने की माझा पारा नळीत उड्या मारू लागला.

पहिला २१२/१२८. दुसरा १९६/१२०. तिसरा १७८/११०.

सिस्टर वहीवर पेन धरून थांबली. म्हणाली, "घरी जा."

"घरी जाऊन काय करू? झोप येत नाही. मशीनवर निदान हात तरी चालतात."

"अरे, डोकं दुखतंय ना तुझं?"

"डोकं काय, ते गेल्या वर्षीपासून दुखतंय. आता ते नाही दुखलं, तर चुकल्यासारखं होईल."

साहेब दारात उभा होता. त्या दिवशी दुपारी मोठी गाडी भरायची होती. तो सौम्यपणे म्हणाला, "पाचव्यांदा मोजलं तरी चालेल, सिस्टर."

चौथा १७०/१०४. पाचवा १५८/९८.
वहीत: १५८/९८. योग्य.

लिहिलं तिने. माझ्यासमोर लिहिलं. मी ओरडू शकलो असतो, तर त्या खोलीतली काच फुटली असती. पण मी शून्यावर पडून होतो.

पुढचं मी पाहिलं नाही. ते नंतर आमच्या खोलीत येऊन एकेक जण सांगत होता, स्वतःची बाजू मांडल्यासारखं. पाऊण तासाने गजरचा ताव तिरका गेला. त्याने यंत्र बंद केलं आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला, तो हात दुसऱ्याचा असावा तसा. मग काही न बोलता तो खांबापाशी गेला, पाठ टेकून खाली बसला आणि डोळे मिटले.

सगळ्यांना वाटलं, उतरवतोय.

कुणी हाक मारली नाही. शेजारच्या यंत्रावरच्याने बाकीच्यांना खूण केली की बोलू नका. त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, ते बघून दोघे हसलेसुद्धा, काय मस्त जमलंय म्हणून. वीस मिनिटं त्यांनी त्याला शांतपणे बसू दिलं. त्या वीस मिनिटांत त्याच्या मेंदूचा एक भाग मेला.

जीव वाचला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. बोलायला मिठ्ठास होता म्हणालो ना, ते. साहेबाने वही उघडून पाहिली. त्याच दिवसाची नोंद होती, १५८, योग्य. म्हणजे कामाचा काही संबंध नाही, घरचंच काहीतरी असणार, असं त्याने वर कळवलं.

आणि मग साहेबाने दया दाखवली. गजरच्या बायकोला खोकी घडी करायच्या टेबलावर घ्यायचं ठरवलं. फक्त एक अट. शेडमध्ये काम करायचं, तर सगळ्यांसारखी तपासणी.

ती महिन्याभराने आली. मासिक तपासणीचाच दिवस होता. तिच्यामागे सात-आठ जणांची रांग, रांगेत मामा. ती स्टुलाच्या कडेवर बसली, बाही वर केली. तिचा दंड मी आवळला आणि मला कळलं की ही बाई महिनाभर झोपलेली नाही. दर दोन तासांनी उठून एका जड माणसाला कुशीवर वळवते आहे.

पहिला १७२/१०४.

सिस्टरने पट्टा सोडला. दुसऱ्यांदा बांधला नाही. वही ओढली आणि लिहिलं: १७२/१०४. कामास योग्य नाही.

तीनदा मोजायला लागल्यापासून माझा पहिला आकडा पहिल्यांदाच कागदावर उतरला. मला आनंद झाला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. त्या बाईचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत.

ती म्हणाली, "तीनदा मोजतात ना? हे सांगायचे मला, तीनदा मोजतात."

"मोजतो, वहिनी. आता नाही मोजणार. पंधरा दिवसांच्या गोळ्या देते, चिठ्ठी देते, मोठ्या दवाखान्यात दाखवा."

"आणि पंधरा दिवस घर कोण चालवणार? तुम्ही?"

सिस्टर चिठ्ठी लिहायला लागली.

"त्यांच्या वेळी लिहायचं होतं खरं. माझ्याच वेळी सुचलं होय तुम्हाला?"

"हो," सिस्टर म्हणाली. "त्यांच्याच वेळी लिहायला हवं होतं. मीच शिकवलं त्यांना ते श्वासाचं."

बाईने चिठ्ठी घेतली. क्षमा वगैरे केली नाही. तुम्हाला तसं काही वाचायचं असेल, तर छत्रीकडे जा. जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, की तिच्या हातात दगड असता तर माझी नळी राहिली नसती. ती मग कामाला आली की नाही, तिचा रक्तदाब उतरला की नाही, मला माहीत नाही.

रांगेतून कुणीतरी विचारलं, आज सगळ्यांचाच पहिला लिहिणार का. सिस्टर हो म्हणाली. तशा बाह्या खाली आल्या. एक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याने जाताना तिला शिवी दिली. माणसं चिडली होती, आणि चुकीच्या माणसावर चिडली होती असंही मी म्हणणार नाही. रांगेच्या जागी फक्त मामा उरला. तो स्टुलावर बसला. या वेळी सिस्टरने पेटी त्याच्याकडे वळवली.

पहिला ठोका एकशेचौऱ्याण्णवला आला.

मामाने चष्मा पुसून रेघ वाचली. विनोद केला नाही. "हा माझा?" त्याने विचारलं. "दर महिन्याला असाच असतो?"

"असाच. कधी जास्त."

शेडमधून त्याच्या नावाने हाका येऊ लागल्या, यंत्र थांबलं होतं. मामा उठला नाही. बाही वर तशीच ठेवून तो बसून राहिला.

दोन दिवसांनी साहेबाने नवं यंत्र आणलं. त्यात पारा नाही. ते आपलं आपणच तीनदा मोजतं. कोणता आकडा दाखवायचा, हे कुणी ठरवलं, ते विचारू नका. सिस्टरची बदली झाली.

आता बोध. तो लागतोच. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला गाडा, खोल गाडा, पाण्यापासून लांब. जपायचं असेल तर घरी जा. दमून आलेलं जे कुणी दारात चप्पल काढत असेल, आई, बाबा, काका, मोठी बहीण, तिला किंवा त्याला "बरं आहे ना?" असं विचारू नका. तुमच्यासाठी ते सगळ्यांत कमी आकडा सांगतील. समोर बसा. डोकं कधीपासून दुखतंय ते विचारा. आणि उत्तर ऐकून तुम्हाला भीती वाटली, तर त्यांना श्वास घ्यायला शिकवू नका. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ देऊ नका.